ओढ्यावरची स्वस्त वाट: पाइपाचा आकार ठरवण्याआधी

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. जमिनीच्या मधून ओढा जातो. तळाशी रुंदी साधारण 4 मीटर, काठ दीड मीटर उंच. एरवी घोटाभर पाणी असतं, जोराचा पाऊस झाला की काठोकाठ भरतं. पलीकडे शेत आहे आणि पुढेमागे तिथेच घर बांधायचा विचार आहे. आज ये-जा ट्रॅक्टर-ट्रॉलीची आणि एका जीपची. ठेकेदार म्हणतो, 600 मिलिमीटरचे दोन पाइप टाकू, वर माती-मुरूम भरू, दोन दिवसांत काम उरकेल. तुम्ही विचारताय की हे पाइप पुरतील की 900 चे घ्यावेत.

शेतरस्ते, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी काढणारे पाइप) आणि ओढ्यातल्या फरश्या बांधण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावर सांगतो, पाइप केवढा हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला स्वतःला द्यावी लागतील. वर्षातले किती दिवस, किंवा किती तास, ही वाट बंद राहिली तर तुमचं चालेल? आणि पाइपात मावणार नाही एवढं पाणी आलं, तर ते कुठून जाईल? पहिल्या प्रश्नावरून खर्च ठरतो, दुसऱ्यावरून बांधकाम टिकणार की नाही ते ठरतं. ठेकेदाराच्या प्रस्तावात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच नाही.

तुम्हीच दिलेल्या मापांवरून हिशोब करून बघू. काठोकाठ भरलेल्या ओढ्याची सरासरी रुंदी 5 मीटर धरली, तर पाण्याला जायला 7.5 चौरस मीटरचं तोंड आहे. अशा ओढ्यात पुराचं पाणी सेकंदाला दीड-दोन मीटर वेगाने सहज धावतं, म्हणजे सेकंदाला 11 ते 15 घनमीटर पाणी. 600 च्या दोन पाइपांचं तोंड मिळून 0.57 चौरस मीटर. मागे दीड मीटर पाणी तुंबून दाब वाढला, तरी त्या दोघांतून दीड घनमीटरच्या आसपास पाणी जाईल. उरलेलं सगळं भरावावरून किंवा भरावाच्या बाजूने जाणार. 900 चे दोन घेतले तर तोंड सव्वादोन पट होतं, तरीही ते ओढ्याच्या तोंडाच्या सहाव्या हिश्श्याएवढंच. 600 ऐवजी 900 घेतल्याने पाइपात न मावणाऱ्या पाण्याचा प्रश्न सुटत नाही, मातीचा भराव एखाद-दुसरा पूर जास्त टिकतो इतकंच.

हा आकडा दुसऱ्या बाजूनेही पडताळता येतो. तुमच्या जागेच्या वरच्या अंगाला किती जमिनीचं पाणी या ओढ्यात उतरतं, ते नकाशावर मोजा. एक हेक्टरवर तासाला 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सेकंदाला सुमारे 2.8 लिटर पाणी. समजा वर 100 हेक्टर जमीन आहे, तासाला 60 मिलिमीटरचा जोर आहे आणि त्यातलं निम्मं पाणी मुरतं, तरी ओढ्याला सेकंदाला 8 घनमीटरपेक्षा जास्त पाणी येतं. जमीन उताराची, उघडी किंवा कातळाची असेल तर निम्मंही मुरत नाही. दाट झाडी आणि भुसभुशीत माती असेल तर बरंच जास्त मुरतं. मी दोन्ही हिशोब करतो, आणि मगच काठावर जाऊन झाडाझुडपांत अडकलेला काडीकचरा कुठवर आहे ते बघतो. ती रेघ आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांची आठवण हे दोन पुरावे मला आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटतात. आकडे आणि रेघ जुळत नसतील तर मी मोठा आकडा धरतो.

आता माझी एक चूक सांगतो. अगदी अशाच एका ओढ्यावर मी 450 चे तीन पाइप टाकून वर मुरूम भरला होता. धुमसून, पाणी मारून चांगला पक्का केला होता. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात एक तुटलेली फांदी वाहत आली आणि पाइपांच्या तोंडाशी आडवी बसली. तिच्यात पालापाचोळा अडकला आणि तासाभरात तिन्ही तोंडं बंद झाली. मागे तळं साचलं, पाणी भरावावर चढलं आणि खालच्या अंगाची माती वरून खाली खात गेलं. सकाळी तिथे भराव नव्हता आणि तीनपैकी दोन पाइप शंभरेक मीटर खाली जाऊन पडले होते. मालकाचे पैसे गेले, शिवाय खालच्या शेतात मुरूम पसरला. तेव्हापासून मी पाइपाची मोरी करताना ती तुंबणार हे धरूनच चालतो. तुंबल्यावर काय होईल याची सोय आधी करतो आणि पाइप त्यानंतर निवडतो.

म्हणून तुमच्यासारख्या ओढ्याला माझा सल्ला पाण्याला वरून जाऊ देणाऱ्या फरशीचा आहे, म्हणजे ओढ्याच्या तळावरच केलेल्या पक्क्या वाटेचा. पूर आला की फरशी बुडते, ओसरला की पुन्हा वर येते. मधले काही तास वाट बंद असते. पण अडवायला काही नसल्यामुळे पाण्याचा जोर बांधकामावर येत नाही आणि फांद्या-ओंडके वरून निघून जातात. तुमचा ओढा पाऊस थांबल्यावर किती वेळात उतरतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लहान ओढे बहुधा काही तासांत उतरतात, आणि तुमचाही तसाच असेल तर शेतीच्या कामासाठी फरशी पुरेशी आहे.

घराचं गणित मात्र वेगळं आहे. पलीकडे माणसं राहायला लागली की रात्री दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते, शाळा असते, आगीचा बंब यावा लागू शकतो. शिवाय घर बांधताना तयार काँक्रीट घेऊन येणारी भरलेली गाडी 25 टनांच्या आसपास असते. घर नक्की होणार असेल आणि दुसऱ्या बाजूने कुठूनच रस्ता नसेल, तर फरशीवर थांबू नका. पूल लागेल, आणि त्याचा खर्च घराच्याच खर्चात धरायला हवा. पण ‘पुढेमागे’ म्हणजे पाच-सात वर्षं असतील, तर आज फरशी करा. पुढे पूल झालाच तर जड वाहनांसाठी ही फरशी उपयोगी पडतेच, म्हणजे पूल हलक्या भाराचा करूनही भागतं.

फरशीची जागा निवडताना मी घाई करत नाही, कारण चुकीची जागा निवडली तर पुढचं कुठलंच काम तिला वाचवत नाही. ओढ्याचा सरळ भाग हवा. वळणावर पाणी बाहेरचा काठ खात असतं, आणि काही वर्षांत तुमच्या फरशीचं एक टोक हवेत लटकतं. डोह नको, जिथे पाणी उथळ पसरून खळाळत जातं ती जागा हवी, कारण तिथे तळ आधीच कठीण असतो. काठ कमी उंचीचे असतील तिथे पोहोचरस्त्याची खोदाई वाचते. आणि वाट ओढ्याला काटकोनात ओलांडली पाहिजे. तिरकी वाट लांब होते, खर्च वाढतो आणि चाकांच्या चाकोरीतून पाणी रस्त्यावर वळतं.

मग तळ तपासा. यावरच सगळं अवलंबून आहे, आणि हे मला इथून दिसत नाही. एक पहार घ्या आणि फरशीच्या रेषेत दर मीटरला ठोकून बघा. हातभर आत कातळ लागला तर तुम्ही भाग्यवान. कातळात भोकं पाडून सळया रोवा आणि त्यांवर काँक्रीट धरा, फारसं काही करावं लागत नाही. घट्ट खडी-गोटे असतील तरी काम सोपं आहे. चिकणमाती असेल तर ती ओली झाल्यावर चाकाखाली खचते, तिथे माती काढून दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड ठासून केलेला थर, करावं लागतं. आणि पहार आपल्या वजनाने मीटरभर आत जात असेल, म्हणजे मऊ गाळ असेल, तर ती जागा सोडून द्या. गाळावर स्वस्तात काहीही टिकत नाही.

तळ चांगला असेल आणि वाहतूक कमी असेल, तर काँक्रीटशिवायही भागतं. वरचा मऊ थर काढायचा, जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, त्यावर मुठीपासून डोक्याएवढ्या आकाराचे कोनदार दगड बसवायचे आणि फटींत बारीक खडी ठासायची. कापड कशासाठी, असं बरेच जण विचारतात. खालची माती चाकांच्या दाबाने दगडांमधून वर येते आणि दगड हळूहळू खाली बुडतात. कापड पाण्याला जाऊ देतं आणि मातीला अडवतं. दगड कोनदारच हवेत. ओढ्यातले गुळगुळीत गोटे फुकट मिळतात म्हणून वापरले, तर ते एकमेकांत अडकत नाहीत आणि पहिल्याच पुरात गडगडत जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते आधीपेक्षा 64 पट वजनाचा दगड हलवू शकतं. त्यामुळे एरवी वाळूही न हलवणारा ओढा पुरात मोठाले धोंडे का नेतो, याचं आश्चर्य वाटायला नको.

तुमच्याकडे काठोकाठ पाणी येतं, म्हणून मी काँक्रीटचीच फरशी करेन. रुंदी साडेतीन ते चार मीटर. जाडी 15 सेंटिमीटर जीपला पुरते, भरलेली ट्रॉली आणि पुढे जड गाड्या यायच्या असतील तर 20. आत 10 मिलिमीटरच्या सळया, दोन्ही दिशांना 20 सेंटिमीटर अंतरावर. सळयांखाली काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्या जमिनीपासून उचलून धरा, मातीवर पडलेली सळई काही उपयोगाची नसते. दर चार-पाच मीटरला सांधा सोडा. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करू नका. सतत पाण्याखाली राहणाऱ्या काँक्रीटवर शेवाळ धरतं आणि ट्रॅक्टरचं चाकही घसरतं. ओलं असतानाच खराट्याने खरखरीत करा, शक्य असेल तर तिरक्या खाचा मारा.

आता दोन गोष्टी, ज्या स्वस्त कामात हमखास गाळल्या जातात आणि ज्यांच्यावाचून फरशी मोडते.

पहिली गोष्ट, फरशीचा आकार. ती सपाट नको, थाळीसारखी मधे खोलगट हवी, आणि तिची दोन्ही टोकं काठावर पुराच्या खुणेच्या वरपर्यंत न्यायला हवीत. मधला भाग टोकांपेक्षा निदान 30-40 सेंटिमीटर खाली असला की पाणी मधूनच जातं. सपाट फरशीवर पाणी पसरतं, टोकाला पोहोचतं आणि जिथे काँक्रीट संपून माती सुरू होते तिथे खणायला लागतं. फरशी शाबूत आणि दोन्ही बाजूंचा रस्ता गायब, असं दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. मधल्या भागाची पातळी ओढ्याच्या तळाएवढीच ठेवा, वर उचलू नका. वीत-दीड वीत जरी उंच झाली, तरी खालच्या अंगाला धबधबा तयार होतो.

दुसरी गोष्ट त्या धबधब्याशीच जोडलेली आहे. फरशीच्या वरच्या आणि खालच्या कडेला, पूर्ण लांबीभर, जमिनीत गाडलेली काँक्रीटची आडवी भिंत हवी. वरच्या अंगाला 60 सेंटिमीटर, खालच्या अंगाला 1 मीटर खोल, किंवा त्याआधी कातळ लागेल तिथवर. पाणी गुळगुळीत काँक्रीटवरून उतरताना वेग घेतं आणि खाली पडताच तळ खणतं. तो खड्डा मागे सरकत फरशीखाली शिरतो, फरशी पोकळीवर अधांतरी राहते आणि एखादी ट्रॉली गेली की तुटते. खालची भिंत हे मागे सरकणं थांबवते. तिच्यापुढे दोन-तीन मीटर मोठ्या दगडांचं पिचिंग करा, म्हणजे तळावर दगड घट्ट बसवा. जागेवर मोठे दगड मिळत नसतील तर तारेच्या जाळीत भरलेले लहान दगडही चालतात, फक्त जाळी जमिनीत बसवलेली हवी, नुसती वर ठेवलेली नको. पैसे वाचवायचे असतील तर रुंदीत अर्धा मीटर वाचवा, सांध्याच्या मालात वाचवा, दगड स्वतः वेचून आणा, पण खालची भिंत कमी करू नका. माझ्या पाहण्यात मोडलेल्या बहुतेक फरश्या खालच्या बाजूने मोडल्या आहेत.

दोन्ही काठांवरचे पोहोचरस्ते कापताना उतार 1:8 पेक्षा तीव्र नको, 1:10 असेल तर ओल्या दिवसात भरलेली ट्रॉली चढते. दीड मीटर उंचीसाठी 1:10 म्हणजे प्रत्येक बाजूला 15 मीटर. ठेकेदार इथेही लांबी वाचवायला बघतात. या उतारावरून रस्त्याचं पाणी ओढ्यात धावतं आणि सोबत माती नेतं, म्हणून ओढ्याच्या दहा-पंधरा मीटर आधी रस्त्यावर आडवा उंचवटा करून ते पाणी बाजूच्या गवतात काढून द्या.

एरवीच्या घोटाभर पाण्यातून रोज चाकं बुडवायची नसतील, किंवा माणसांना कोरड्या पायांनी जायचं असेल, तर फरशी 50-60 सेंटिमीटर उचलून तिच्यात पाइप घालता येतात. रोजचं पाणी पाइपातून, पुराचं पाणी फरशीवरून. हा प्रकार मला आवडतो, पण तो नुसत्या फरशीपेक्षा महाग आहे आणि उंची आली की खालचं पिचिंगही वाढतं. यात ठेकेदाराचे पाइप वापरता येतील. मोठ्या एका पाइपाऐवजी लहान दोन घ्यावेत असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण उंची कमी लागते. पण 600 च्या एका पाइपाचं तोंड 300 च्या चार पाइपांएवढं असतं, आणि 300 चा पाइप एका फांदीने बुजतो. 450 च्या खाली मी जात नाही. पाइपाचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा थोडा खाली, व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा गाडा. मग आत वाळू-खडी बसते आणि मासे, खेकडे, बेडूक वर-खाली जाऊ शकतात. पाइपाचं खालचं तोंड हवेत राहिलं तर त्यांची वाट कायमची बंद होते. ओढा त्यांचाही आहे, आणि ही काळजी घ्यायला जवळपास काहीच खर्च येत नाही.

जुना मालवाहू कंटेनर आडवा टाकून पूल करायची कल्पनाही तुम्ही लिहिली आहे. ती सोडून द्या. कंटेनरची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि भिंतींच्या एकत्र बांधणीत असते. भिंती कापल्या की खालचा सांगाडा चाकांचा भार मधल्या अंतरावर पेलायला केलेला नसतो. जुन्या रेल्वे मालडब्याचा सपाट सांगाडा त्यापेक्षा फार मजबूत असतो आणि त्याचे पूल खरोखर चालतात. पण त्यालाही दोन्ही काठांवर, काठाच्या कडेपासून मागे सरकवलेले काँक्रीटचे टेकू लागतात. पुराच्या खुणेच्या वर निदान 60 सेंटिमीटर मोकळी जागाही हवी, म्हणजे ओंडके खालून जातील. आणि सांगाड्याचा गंज बघून त्याचा भार अभियंत्याकडून लेखी घ्यावा लागतो. पुलावरून जाणारं वाहन आपलंच असेल असं नाही, म्हणून या एका बाबतीत मी कुणालाही अंदाजाने चालू देत नाही.

कुणी तुम्हाला सांगेल की 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरेल असं बांधा, म्हणजे 25 वर्षं चिंता नाही. त्याचा अर्थ तसा नाही. असा पूर कोणत्याही एका वर्षात येण्याची शक्यता 4 टक्के असते, आणि दहा वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 34 टक्के, म्हणजे तीनात एक. बुडूनही न मोडणारी रचना निवडायचं माझं कारण हेच.

कामाला हात घालण्याआधी परवानगीची चौकशी करा. ओढ्याचा तळ तुमच्या सातबाऱ्यात असो वा नसो, वाहत्या पाण्यात बांधकाम करायला बहुतेक ठिकाणी सरकारी मंजुरी लागते. वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांशीही आधी बोला. पाणी तुंबून वरच्याच्या शेतात गेलं किंवा खालच्याचा काठ खचला, तर जबाबदारी तुमच्यावर येते. फरशी हे दोन्ही त्रास कमी करते, हे त्यांना जागेवर नेऊन दाखवा. काम सर्वांत कोरड्या दिवसांत काढा, घोटाभर पाणी मातीच्या बांधाने बाजूला वळवा किंवा पंपाने पुढे टाका. ओलं सिमेंट ओढ्यात मिसळू देऊ नका. ते पाणी इतकं अल्कधर्मी, म्हणजे चुन्यासारखं दाहक, होतं की त्यात मासे मरतात. काँक्रीटवर निदान सात दिवस काहीच जाऊ देऊ नका, भरलेली ट्रॉली 28 दिवसांनी.

फरशी झाली की दोन्ही बाजूंना एकेक खांब रोवा आणि त्यावर मधल्या सखल भागापासून मोजून खोलीच्या खुणा रंगवा. 15 सेंटिमीटरवर लाल रेघ मारा. वेगाने वाहणारं तेवढं पाणी माणसाला पाडू शकतं. 30 सेंटिमीटरला लहान मोटार तरंगायला लागते, 60 ला जीपसुद्धा वाहून जाते. पाणी गढूळ असतं, फरशी खाली शाबूत आहे की नाही ते दिसत नाही. पाणी लाल रेघेवर असेल तर कितीही घाई असली तरी थांबायचं, हे घरातल्या प्रत्येकाला आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला स्पष्ट सांगून ठेवा.

पहारीने तळात काय लागलं, वरच्या अंगाला किती हेक्टर आहे आणि पाऊस थांबल्यावर पाणी किती तासांत उतरतं, या तीन गोष्टी कळवा. मग फरशीची लांबी आणि भिंतींची खोली मी तुम्हाला आकड्यांत सांगू शकेन. तोवर ठेकेदाराला पाइपांचा आगाऊ पैसा देऊ नका.